चार दगडांतलं रान

धनश्रीनं गवताचं एक पातं तोडून तोंडात घातलं आणि चावलं. चव गवतासारखीच होती. तिनं ते थुंकलं, हातभर पलीकडचं दुसरं तोडलं आणि तेही चावून बघितलं. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या बाईनं भर दुपारी गायरानात गुडघ्यांवर बसून गवत चघळावं अशी पाळी आली होती. आणि ज्यांनी ते खायला हवं होतं त्या शेळ्या थोड्या अंतरावर उभ्या राहून तिच्याकडं बघत होत्या.

"कडू लागतंय का मॅडम?" कानिफनाथनं विचारलं. तो इथला वनरक्षक. गायरानाला लागूनच वनखात्याची हद्द होती, म्हणून त्याला धनश्रीच्या मदतीला दिलं होतं. मोटारसायकलच्या सावलीत मावेल तेवढा मावून तो बसला होता.

"नाही."

"मंग खारट आसंल."

"खारटही नाही."

"मंग काय कळत न्हाई," कानिफनाथ म्हणाला आणि त्यानं टोपी तोंडावर ओढून घेतली. न कळण्याची त्याला सवय होती. धनश्रीला नव्हती, म्हणून तिनं आणखी एक पातं तोडलं.

मोरदऱ्याच्या या गायरानात एका सरकारी संशोधन संस्थेनं तीन वर्षांपूर्वी दोन प्लॉट पाडले होते. एकाभोवती लोखंडी जाळी होती. त्यात जनावर जाऊ शकत नव्हतं. दुसरा त्याच्या शेजारीच, तेवढाच, पण उघडा. त्याच्या चार कोपऱ्यांना चार मोठे दगड पुरून त्यांना चुना फासला होता, एवढंच. उघड्या प्लॉटमध्ये शेळ्यांनी नेहमीसारखं चरायचं, जाळीच्या आत कुणी चरायचं नाही, आणि धनश्रीनं हंगामाला नगरहून येऊन दोन्हीकडचं थोडं थोडं गवत कापून तोलायचं, कोणकोणत्या जाती उगवल्या ते टिपायचं. शेळ्या सोडल्या तर गवताचं काय होतं आणि नाही सोडल्या तर काय होतं, एवढाच प्रश्न होता. मोरदऱ्यात कुणालाही विचारला असता तर चहा निवायच्या आत उत्तर मिळालं असतं. पण सरकारला उत्तर आकड्यांत हवं होतं आणि आकड्यांना तीन पावसाळे लागणार होते.

त्या उत्तरावर गायरान अवलंबून होतं. पाच वर्षं चराई पूर्ण बंद करायची, सगळ्या गायरानाला तारेचं कुंपण घालून आत रोपं लावायची, असा प्रस्ताव तयार होऊन बसला होता. शेळ्यांनी गवताची पार वाट लावली असं दिसलं तर तो मंजूर होणार; शेळ्या चरूनही गवत टिकतं असं दिसलं तर चराई चालू राहणार, फार तर आळीपाळीनं. मोरदऱ्याचे निम्मे लोक दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि जाताना शेळ्या म्हाताऱ्या माणसांच्या हवाली करतात. गायरान बंद झालं तर त्या शेळ्या घोडेगावच्या बाजारात उभ्या राहतील, हे धनश्रीला कुणी समजावून सांगायला नको होतं. गायरान उघडं राहावं असं तिला मनापासून वाटायचं. मात्र आपलं वाटणं तराजूत घालायचं नाही, हेही तिनं पहिल्याच वर्षी ठरवलं होतं.

आणि आता आकड्यांचंच डोकं फिरलं होतं. पहिल्या वर्षी पाऊसच झाला नाही, दोन्ही प्लॉट सारखेच बोडके राहिले. दुसऱ्या वर्षी उघड्या प्लॉटमध्ये गवत जरा जास्तच भरलं, तेव्हा संस्थेतले राधाकृष्ण सर म्हणाले होते, एका वर्षावरून बोलू नये. यंदा सगळं गायरान शेळ्यांनी खरवडून काढलेलं, आणि त्याच्या मधोमध उघड्या प्लॉटमधलं पवन्या आणि मारवेल गवत मांडीला लागत होतं. शेळ्या आत जातच नाहीत म्हणावं, तर जमिनीवर लेंड्या पडलेल्या, त्याही चांगल्या दाट. त्यात टाकळा आणि गाजरगवत (गावात त्याला काँग्रेस म्हणतात), ज्याला शेळी सहसा तोंड लावत नाही, ते जाळीच्या आत उदंड होतं आणि उघड्या प्लॉटमध्ये औषधालाही नव्हतं. म्हणजे मोरदऱ्याच्या शेळ्या आत जात होत्या, लेंड्या टाकत होत्या, चांगलं गवत जसंच्या तसं ठेवून वाईट तेवढं वेचून खात होत्या आणि शहाण्यासारख्या बाहेर येत होत्या. अशी शेळी धनश्रीनं पुस्तकात वाचली नव्हती आणि श्रीरामपूरला मामाच्या गोठ्यातही पाहिली नव्हती.

"मॅडम, माती तपासा," टोपीखालून आवाज आला.

"दोनदा तपासली."

"मंग बाहेरचं कायतरी आसंल."

"तेही तपासायला पाठवते," धनश्री म्हणाली.

ती उठली, गुडघे झटकले आणि जाळीच्या पलीकडं जाऊन बसली. माणूस दिसलं की जनावर बुजतं, कदाचित एवढंच कारण असेल. थोड्या वेळानं शेळ्या पुढं सरकू लागल्या. खुरट्या काड्या ओरबाडत कळप चुन्याच्या दगडांपर्यंत आला आणि तिथं दुभंगला. अर्ध्या शेळ्या या बाजूनं, अर्ध्या त्या बाजूनं. मध्ये ना जाळी होती ना तार. मांडीएवढं गवत वाऱ्यावर हलत होतं, आणि शेळ्या त्याला वळसा घालून पलीकडं गेल्या आणि पुन्हा एक झाल्या. इतका वेळ धनश्री गोंधळलेली होती, आता तिला थोडी भीतीही वाटली.

एक करडू मागं राहिलं होतं. ते दगडापाशी थांबलं, त्यानं मान लांब केली आणि पवन्याचा शेंडा ओठांत धरला. तेवढ्यात एक खडा सणसणत आला आणि बरोबर त्याच्या नाकासमोर पडला. करडानं तोंडातलं गवत सोडलं आणि उड्या मारत ते कळपात जाऊन मिसळलं.

खडा हिवराच्या झाडाखालून आला होता. तिथं आक्काबाई बसली होती. मोरदऱ्याच्या निम्म्या शेळ्या जिच्यामागं असत ती ही म्हातारी. धनश्री तिला पहिल्या दिवसापासून ओळखत होती, येता-जाता दोन शब्द बोलतही होती. आता ती जवळजवळ पळतच झाडाखाली गेली. कानिफनाथही टोपी सावरत मागून आला.

"आजी, काय केलंत हे?"

"लागलं न्हाई त्येला," आक्काबाई म्हणाली. "नुस्तं भ्या घातलं."

"तसं नाही. त्याला खाऊ का दिलं नाहीत?"

आक्काबाईनं तिच्याकडं निरखून पाहिलं. बाईची तब्येत बरी आहे ना, असं काहीतरी त्या बघण्यात होतं.

"तुमच्या रानात?" तिनं विचारलं.

धनश्रीनं मागं वळून चुन्याच्या दगडांकडं पाहिलं. आक्काबाईला वाटलं, ती रागावली. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"नवं करडू हाय, बाई. बाकीच्यांला वळन लागलंय. पयल्या वर्साला लई तरास दिला त्येंनी. हाकललं की तोंड घालायच्या, हाकललं की तोंड घालायच्या. आता न्हाई. माज्या शेळीनं तुमच्या रानातली काडी खाल्ल्याली न्हाई, इचारा कुनालाबी. दुसऱ्या गुराख्यांलाबी मी सांगून ठिवलंय."

"आजी, हे माझं रान नाही."

आक्काबाई हसली. आपल्या तोंडानं आपलं म्हणू नये, हे बाईला कळतं, याचं तिला बरं वाटलेलं दिसलं.

"पण मी तुम्हाला सांगितलं होतं," धनश्री म्हणाली. तिचा आवाज तिच्याही नकळत चढला होता. "पहिल्याच दिवशी सांगितलं, शेळ्या इथं नेहमीसारख्या चारा म्हणून. मागच्या वर्षी परत विचारलं, चारता ना? तर तुम्ही व्हय म्हणालात."

"सांगितलं हुतं की. मालक म्हनतोच, चारा म्हनून. भल्या घरचं मानूस दारावरनं जानाऱ्याला या जेवायला म्हनतंय. म्हनून काय कुनी पानावर जाऊन बसतंय व्हय?" ती जरा थांबली. "आन तुमी इचारल्यावर न्हाई कसं म्हनायचं? तुमाला वाईट वाटलं आस्तं."

कानिफनाथनं घसा खाकरला. "आक्का, ह्ये बाईंचं रान हाय आसं तुला कोन म्हनलं?"

"म्हनाया कशाला पायजे? सरकारी टेप लावून मोजनी झाली. चार कोपऱ्यांला हद्दीचं दगड रवलं. आन नारळ तर तूच फोडला की. माज्या डोळ्यांदेखत झालं सगळं."

"नारळ काय, समद्याच कामाला फोडत्यात."

"मोजनी, दगड आन नारळ, आजून काय लागतंय?" आक्काबाई त्याला म्हणाली आणि धनश्रीकडं वळली. "आन तुमी येता, एकेक काडी हातात धरून बघता. परक्याच्या रानात कोन एवढं बसतंय?"

"आणि ते जाळीचं?" धनश्रीनं हळूच विचारलं.

"ते सरकारचं. सरकारला तार लागती. तुमाला दगडं पुरं झाली."

धनश्री तिथंच खाली बसली. लेंड्यांचं काय, हे विचारायची आता तिला भीती वाटत होती, पण विचारावं लागलंच नाही.

"एक बोलू का, राग नका धरू," आक्काबाई म्हणाली. "तुमाला रानाचं काय येत न्हाई. तुमी खुरपत न्हाई, खत टाकत न्हाई. येता, लिवता आन जाता. मी म्हनलं, शिकल्याली बाई हाय, तिला कुठलं येतंय. मंग मीच ते काँग्रेस आन टाकळा उपटून टाकती. उन्हाळ्यात लेंड्यांच्या पाट्या आनून पसरल्या. म्हनून तर एवढं भरलंय. न्हाईतर हितं काय हुतं?"

तीन वर्षांचं कोडं सुटलं होतं. धनश्रीला हसावं की डोकं धरावं कळेना. तिनं आक्काबाईच्या हातांकडं पाहिलं. गाजरगवत उपटल्यानं अंगाला खाज सुटते. म्हातारीच्या मनगटांवर पुरळाचे जुने काळे डाग होते.

"एवढं का केलंत, आजी?"

आक्काबाईची नजर दगडांवरून फिरली.

"आमच्याकडं बाईमानसाच्या नावावर रान न्हाई, बगा. बापाचं हुतं, ते भावांला गेलं. नवऱ्याचं हुतं, ते पोराच्या, गोरक्षच्या नावावर लागलं. सुनेच्या नावावर तर काय इचारायलाच नको. तुमचं पयलंच बघितलं. ल्हान हाय, पर हाय."

पलीकडं कळप पांगला होता. आक्काबाईनं तोंडानं आवाज काढला आणि शेळ्या थबकल्या. धनश्रीनं पुन्हा एकदा समजावून सांगायचा प्रयत्न केला. ही जमीन तिची नाही, कुणा एकाचीच नाही. गावाची आहे, म्हणजे आक्काबाईचीही आहे. शेळ्या किती खातात एवढंच बघायचं होतं, कारण गायरान बंद करायचं की नाही ते त्यावरून ठरणार होतं. आक्काबाई समजूतदारपणे मान हलवत राहिली, आणि शेवटच्या वाक्याला मात्र तिनं मान वर केली.

"गायरान बंद? कोन करतंय?"

"सरकार."

"गायरान कसं बंद हुतंय, बाई? ते काय दुकान हाय?" असं म्हणून ती उठली आणि काठी घेऊन शेळ्यांमागं निघाली.

परतताना तिसगावच्या स्टँडसमोर कानिफनाथनं गाडी थांबवली आणि दोन चहा सांगितले. चहा निम्मा प्यायल्यावर कानिफनाथनं कप खाली ठेवला.

"मॅडम, एक सांगू का? आकडे हायेत तसे द्या. उघड्या प्लॉटात शेळ्या चरत्यात आन गवत जाळीच्या आतल्यापरीस चांगलं हाय. इषय संपला. गायरान वाचलं, आक्काच्या शेळ्या वाचल्या. ह्यात खोटं काय हाय? वजन तर तुमीच केलंय."

खोटं काहीच नव्हतं, हीच तर अडचण होती. प्रत्येक आकडा खरा होता. गवत खरं होतं, लेंड्या खऱ्या होत्या, तराजूही कालच तपासून आणलेला होता. फक्त त्या सगळ्या खऱ्या गोष्टी मिळून जे सांगत होत्या ते खरं नव्हतं. धनश्रीनं मोबाईल काढला, परत ठेवला, परत काढला. हे आकडे दिले तर आक्काबाईचं भलं होईल हे तिला दिसत होतं. ते देऊ नयेत असंही आतून काहीतरी सांगत होतं, आणि ते नेमकं काय आहे ते तिला कळत नव्हतं. शेवटी तिनं राधाकृष्ण सरांना फोन लावला. लावतानाही काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं.

"सर, आकडे तयार आहेत."

"वा. काय म्हणतायत?"

इथं थांबता आलं असतं. धनश्रीनं एक श्वास घेतला आणि सगळं सांगून टाकलं. मोजणी, दगड, नारळ, टाकळा, लेंड्या, सगळं. पलीकडं सर हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं.

"छान आहे. चार लोकांत सांगण्यासारखं आहे. पण अहवालात घालता येत नाही."

"सर, पण हेच तर महत्त्वाचं आहे ना? एका बाईनं तार न लावता सगळ्या गावाच्या शेळ्या एका तुकड्याबाहेर ठेवल्या. तेही तीन वर्षं. मग कुंपण कशाला हवं? गुराख्यांशी बोलून आळीपाळीनं एकेक तुकडा राखला तर..."

"एक बाई आणि एक तुकडा. याला नमुना म्हणत नाहीत, धनश्री. तुम्हालाही ते माहीत आहे."

तिला माहीत होतं. आणखी कुणी हीच गोष्ट तिला सांगितली असती तर तिनंही हेच उत्तर दिलं असतं.

"मग काय करायचं, सर?"

"उघडा प्लॉट बाद धरा. जाळीच्या आतलं गवत आणि बाहेरचं गायरान, एवढीच तुलना द्या. फोटो जोडा. बाहेर फारच बोडकं आहे का?"

"हो."

"मग तसं लिहा. जे आहे ते आहे. आणि ते दगड काढून घ्या. प्रस्ताव ज्यांच्यापुढं आहे त्या समितीचे लोक बघायला येणार आहेत. उघड्या माळावर तेवढाच तुकडा हिरवा दिसला तर नुसते प्रश्न विचारत बसतील. दगड निघाले की शेळ्या चार दिवसांत तो सपाट करतील."

फोन बंद झाला. चहावर साय धरली होती. कानिफनाथनं काही विचारलं नाही, कारण धनश्रीच्या बाजूचं सगळं त्यानं ऐकलं होतं. खरं बोलून आपण नेमकं कुणाचं भलं केलं, हे धनश्रीला काही केल्या समजेना. सरांचं चुकलं होतं असं म्हणता येत नव्हतं, तिचं स्वतःचंही चुकलं नव्हतं, आणि आक्काबाईचं तर नव्हतंच. तरी पाच वर्षांसाठी गायरान बंद होणार होतं.

पुढच्या आठवड्यात ती मोरदऱ्याला गेली तेव्हा वाडी रिकामी झाली होती. ऊसतोडीचे ट्रक आदल्या दिवशीच भरून गेले होते. दारांना कुलपं आणि अंगणात पोरांचे राहून गेलेले एकेरी बूट. गायरानात मात्र कळप मोठा झाला होता. जाणाऱ्यांनी आपापल्या शेळ्या आक्काबाईकडं सोडल्या होत्या.

कानिफनाथनं पहार आणली होती. पहिला दगड पटकन निघाला. दुसरा खोल रवलेला होता, त्याला दोघांनी मिळून हिसके द्यावे लागले. तीन वर्षांपूर्वी एवढा खोल कशाला रवला, असं कानिफनाथ पुटपुटला. त्यानंच रवला होता. तिसरा निघून बाजूला पडला तेव्हा शेळ्या टाकून घाईघाईनं येणारी आक्काबाई धनश्रीला दिसली. जवळ येऊन ती उभी राहिली. उपटलेल्या दगडांकडं आणि त्यांच्या जागी उरलेल्या खड्ड्यांकडं तिनं आळीपाळीनं पाहिलं.

"गेलं का?" तिनं विचारलं.

"काय, आजी?"

"रान."

धनश्रीनं नुसती मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नाही, ते तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं. आक्काबाईला त्यातून जे समजायचं ते समजलं.

"भावानं का?"

धनश्रीला भाऊ नव्हता. ते सांगायला तिनं तोंड उघडलं, तोवर आक्काबाईनं हात वर केला होता.

"आसू द्या," आक्काबाई म्हणाली. "नका सांगू. सही घेतली आसंल. माजा अंगठा घेतला हुता. राखी पुनवंला लुगडं आनलं, गोडधोड जेवला, आन जाताना अंगठा घेतला. आपुन द्येतोच की. भाऊ म्हनल्यावर काय करायचं?"

कानिफनाथनं पाठ फिरवली आणि पहारीची माती बोटानं काढत बसला. पहार तशी स्वच्छच होती.

आक्काबाई गवताच्या कडेला उकिडवी बसली. पवन्याचे तुरे तिनं तळहातावरून जाऊ दिले, आपल्या शेळीच्या पाठीवरून हात फिरवावा तसे.

"लई चांगलं आलं हुतं," ती म्हणाली.

मागून कळप आला. नव्या शेळ्या, जुन्या शेळ्या, सगळ्या मिसळून. खड्ड्यांपाशी येऊन जुन्या थबकल्या, आणि मग सवयीनं दोन्ही बाजूंना फुटल्या. नव्या त्यांच्या मागोमाग गेल्या. दगड नव्हते हे त्यांना कळलं नव्हतं, किंवा कळूनही फरक पडला नव्हता.

"आता खाऊ द्या त्यांना, आजी," धनश्री म्हणाली. "आता काही अडचण नाही."

"आज नगं," आक्काबाई म्हणाली. "तुमच्या डोळ्यांदेखत नगं."

तिनं कमरेची शिदोरी सोडली, भाकरी मोडून अर्धी धनश्रीच्या हातात दिली आणि अर्धी कानिफनाथपुढं धरली. स्वतःला काही ठेवलं नाही. धनश्रीनं घास तोंडात घातला. तिचे डोळे भरलेले बघून आक्काबाई तिच्या जवळ सरकली आणि तिनं पहिल्यांदाच तिला एकेरी हाक मारली.

"आगं, जीवाला लावून घेऊ नको. पुढच्या वर्साला ये. वाटंल तिथं बस, वाटंल तेवढं लिव. तुला कोन हटकतंय? हे एवढं गायरान हाय की आपलं. ते कुठं चाललंय?"

"येईन," धनश्री म्हणाली.

चौथा दगड अजून जागेवरच होता. तो काढायला कानिफनाथ काही केल्या उठेना.